बापूंच्या कानातली कॅसेट

आधीच सांगून टाकते, माझा भुताखेतांवर कधीच विश्वास नव्हता आणि आजही नाही. या सदरात लोक अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी असलं काय काय लिहितात, मी चहा पिता पिता वाचते आणि हसते. माझा धंदा दुरुस्तीचा आहे. ज्या ज्या पेटीत लोकांना ‘काहीतरी आहे’ असं वाटायचं, ती मी स्क्रू काढून उघडली आहे आणि आत दरवेळी गंजलेली पट्टी, सुटलेली वायर नाहीतर मेलेलं झुरळ निघालं आहे. तेव्हा मला भोळी समजून वाचायला बसला असाल तर कृपा करून हा सोडा आणि दुसऱ्या कोणाचा अनुभव वाचा.

ज्यांना ऐकायचं आहे त्यांच्यासाठी लिहिते. रात्रीबित्रीची गोष्ट नाही. रविवार, सकाळचे अकरा वाजून गेलेले, घरात पाहुणे, स्टोव्हवर चहा. ठिकाण सुरत, लिंबायत, चाळीतली आमची एक खोली. साल १९९५ का ९६, त्यावर आमच्या घरात अजून वाद आहे.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. बापू, म्हणजे माझे वडील, उधन्याला लूमवर होते. बारा तासांची पाळी, एका शेडमध्ये साठ-सत्तर सांचे, म्हणजे माग, त्यांचा खडखडाट दिवसरात्र. मी पाच-सहा वर्षांची असताना बापूंना कमी ऐकू यायला लागलं आणि मी चौथी-पाचवीत जाईपर्यंत अजिबात यायचं बंद झालं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आतली नसच गेली आहे, मशीन लावूनही उपयोग नाही. बापूंनी त्याचं फार दुःख केलं नाही. सांचा ते हाताने ओळखायचे, फ्रेमवर पंजा ठेवला की कुठे काय बिघडलंय ते त्यांना कळायचं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लूमवाल्यांच्या घरात बोलायची एक वेगळी रीत असते. शेडमध्ये ओरडून काही ऐकू जात नाही, म्हणून तिथे कोणी आवाज काढतच नाही. नुसते ओठ हलवायचे, सावकाश, आणि समोरच्याने ते वाचायचे. बापूंचे कान गेल्यावर तीच रीत घरात आली. माय आणि मी एकमेकींशी आवाजात बोलायचो, पण मान बापूंकडे वळली की आवाज आपोआप बंद आणि ओठ चालू. ठरवून नाही, सवयच ती. बाहेरचा कोणी आला तर त्याला वाटायचं, या घरात सगळे मुके आहेत आणि एकटा म्हातारा ओरडतोय – कारण बापूंना स्वतःचाही आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते मात्र गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचे.

या रीतीचा एक तोटा होता. बापूंना काही खाजगी सांगायचं म्हटलं तर सोयच नाही! मायला ओठ वाचता येत, मामाला येत, शेजारपाजारच्या निम्म्या लोकांना येत. चिठ्ठी लिहावी तर बापू सहीपुरतेच शिकलेले.

माझं वेड वेगळंच. मला वॉकमन दुरुस्त करायचं खूळ होतं. कुठून लागलं विचारू नका, मुलीला असलं खूळ कुठून लागलं हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकला आहे. पहिला वॉकमन जुन्या बाजारातून बंद पडलेला आणला, भंगाराच्या भावात. उघडला, बघितला, जोडला, पुन्हा उघडला. आणि मग कळलं की लोक उगाच घाबरतात, या डबीत कळण्यासारखं फार थोडं आहे. गाणं रडल्यासारखं सावकाश वाजतंय? रबरी बेल्ट सैल झाला आहे, बदला. आवाज रजईखालून आल्यासारखा येतोय? हेडवर टेपचा चॉकलेटी मळ बसला आहे, कापसाला स्पिरिट लावून पुसा आणि पुरतं वाळू द्या. एकाच कानात वाजतंय? वायर पिनजवळ तुटली आहे, तिथे कापून परत जोडा. अजिबातच चालत नाही? दुकानात पळू नका, आधी सेलच्या खालची पट्टी बघा, हिरवी पडली असेल तर पॉलिश पेपरने घासा. आणि टेप खाल्ली तर ओढाओढ करू नका, पेन्सिल घाला आणि उलटी फिरवा. गल्लीतले कामगार मला आधी हसले. मग पावसाळ्यात सगळ्यांचे वॉकमन एकदम बंद पडले आणि तेच आमच्या ओट्यासमोर उभे राहिले.

बापूंसाठी मात्र एक वॉकमन मी वेगळा ठेवला होता. डॉक्टर काहीही म्हणोत, मी मानायला तयार नव्हते. हेडफोन लावून आवाज पूर्ण वाढवला की बापू म्हणायचे, “कानमा गुदगुल्या व्हतस.” गुदगुल्या होतात ना? म्हणजे काहीतरी पोचतंय! बेल्ट नवा असेल, हेड स्वच्छ असेल, त्याच्या शेजारचा तो बारीक स्क्रू बरोबर जागी फिरवला असेल, तर एक दिवस शब्दही पोचतील, असं मी ठरवूनच टाकलं होतं. माय म्हणायची, पोरीचं डोकं फिरलं. बापू मात्र मी लावीन तेव्हा मुकाट्याने हेडफोन लावून बसायचे, डोळे मिटून. माझं मन राखत होते, हे मला कळत होतं.

तर त्या वर्षी मामाने माझ्यासाठी स्थळ आणलं. आपल्याच भागातलं कुटुंब, मुलगा इच्छापोरला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर कामाला, राहायला सोसायटीत फ्लॅट, तोंडात कंपनीतलं हिंदी. मायला आकाश ठेंगणं झालं. मुलगा वडिलांबरोबर बघायला आला आणि पसंती कळवून मोकळा झाला. जाताना पाणी मागायच्या निमित्ताने तो मोरीजवळ आला, खोलीकडे पाठ केली आणि हळू आवाजात मला म्हणाला, “देख, शादी के बाद ये कबाड़ नहीं चलेगा.” कबाड म्हणजे फळीवर मांडलेले माझे वॉकमन. इथवर ठीक होतं, असलं मी रोज ऐकायचे. पण पुढे म्हणाला, “और तेरे बापू को ज़्यादा आने-जाने का मत बोलना. चिल्ला के बोलते हैं, सोसायटी में शरम आती है.” आणि हसून, पाणी पिऊन गेला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी मायला सांगितलं, मला हे स्थळ नको, मला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं रीतसर शिकायचं आहे. तो बापूंबद्दल जे बोलला ते मात्र तिला सांगितलं नाही. ते शब्द माझ्या तोंडून बाहेर पडायलाच तयार नव्हते. मायने सगळं उडवून लावलं. मामा म्हणाला, पुढच्या रविवारी सुपारी फोडायची. सुपारी फुटली की संपलं, मग माघार नाही. आणि ती फोडायची बापूंनी.

म्हणजे आता फक्त बापू उरले होते, आणि बापूंना जे काही कळायचं ते मामाच्या आणि मायच्या ओठांवरून. मी समोर बसून सांगू लागले असते तर माय मध्ये पडली असती. आणि खरं सांगू? ‘तुमची लाज वाटते’ हे शब्द बापू माझ्या ओठांवरून वाचताहेत, त्यांची नजर माझ्या तोंडावर आहे... ते माझ्याच्याने झालं नसतं.

मग मला सुचलं, कॅसेट! हेडफोनमधलं दुसरा कोणी वाचू शकत नाही. हसा, खुशाल हसा. बहिऱ्या माणसासाठी कॅसेट भरणारी मुलगी. पण माझ्याकडे दुसरा रस्ता नव्हता, आणि माझ्या दुरुस्तीवर माझा भरवसा होता.

शनिवारी दुपारी बापू पाळीवर होते, माय लेस लावलेल्या साड्यांची गाठोडी व्यापाऱ्याकडे द्यायला गेली होती. शेजारच्या मंजुबेनकडे रेकॉर्डिंग होणारा टेप होता. तो बिघडवायचा नाही या अटीवर त्यांनी दिला, म्हणाल्या, “लई जा ने, पण बगाडती नही.” मी दार लावलं, भिंतीकडे तोंड करून बसले, कोरी कॅसेट घातली. आधी ‘हॅलो, हॅलो, टेस्टिंग’ म्हणून तपासलं, उलटं फिरवून ऐकलं, स्वच्छ आलं होतं. मग तिथूनच पुढे रेकॉर्डचं बटण दाबलं, डोळ्यांसमोर बापूंना आणलं आणि सगळं सांगितलं. नको का म्हणते ते सांगितलं, शिकायचंय ते सांगितलं, आणि तो मोरीजवळ काय बोलला ते त्याच्याच हिंदीत, शब्दाला शब्द सांगितलं. रडले थोडी. बटण बंद केलं. परत ऐकायची हिंमत झाली नाही, टेप मंजुबेनला देऊन आले.

संध्याकाळी वॉकमनवर हात फिरवला. दुसऱ्या मेलेल्या वॉकमनचा चांगला बेल्ट काढून यात घातला, हेड पुसलं, स्क्रू फिरवून गाण्यातला ‘स’ धारदार येईपर्यंत जुळवला, फाटलेल्या फोमच्या जागी मखमलीचे तुकडे शिवले, नवे सेल टाकले. इतका चांगला वॉकमन मी तोपर्यंत कोणालाच करून दिला नव्हता.

रविवारी सकाळी माय पाहुण्यांच्या तयारीत होती. बापू खाटेवर बसले होते. मी त्यांना हेडफोन लावला, बटण दाबलं आणि तोंड लपवायला पाणी भरायला निघून गेले. परत आले तेव्हा कॅसेट संपून बटण आपोआप उठलं होतं. हेडफोन बापूंच्या मांडीवर. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते सदऱ्याची बटणं लावायला लागले. माझं मन खचलं. वाटलं, गुदगुल्याच झाल्या असणार, दुसरं काय.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील, मामा. चहा झाला. ताटात सुपारी, कुंकू, नारळ. मामाने सुपारी उचलून बापूंच्या हातात दिली आणि ओठांनी सांगितलं, फोडा.

बापूंनी सुपारी परत ताटात ठेवली.

“पावना, माफ करज्यात,” ते म्हणाले. नेहमीच्या आवाजात, म्हणजे सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं. “ही सोयरीक माले करनी नही. मनी आंडेरले, रंजीले, हाऊ पोऱ्या पसंत नही. तिले मशीननं काम शिकनं शे, ती शिकी.”

मायचा चेहरा पांढरा पडला. मामा उठून त्यांच्या समोर गेला आणि ओठही हलवले, आवाजही काढला. “दाजी, कोणी सांगं तुम्हले हाई?”

“मनी आंडेरनी सांगं. मना कानमा.”

मग बापू मुलाकडे वळले. रागावलेले नव्हते हो, हे मला अजून आठवतं. समजावल्यासारखं म्हणाले, “भाऊ, मी मोठा आवाजमा बोलस, खरं शे. माले मालूम शे.” आणि पुढे हिंदीत, त्या मुलाच्याच चालीवर म्हणाले, “सोसायटी में शरम आती है... बरोबर ना?”

त्या मुलाने कप खाली ठेवला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. हे शब्द जगात दोघांनाच माहीत होते आणि आम्हा दोघांनाही ते कळत होतं. त्याच्या वडिलांनी त्याला विचारलं, “हे काय?” तो उठून दाराकडे निघाला. मग चपला शोधायची गडबड झाली आणि पाहुणे गेले.

मला किती आनंद झाला काय सांगू! बापूंना ऐकू आलं! डॉक्टर चुकले, नस जिवंत आहे, माझ्या वॉकमनने करून दाखवलं! मामा कपाळ धरून बसला होता, माय पदराने डोळे पुसत मला शिव्या घालत होती, आणि मी कॅसेट उलटी फिरवत होते. मला ऐकायचं होतं बापूंनी काय ऐकलं ते. हेडफोन लावला. ‘हॅलो, हॅलो, टेस्टिंग’ – माझाच आवाज, स्वच्छ. मग बटणाचा खट्ट आवाज.

आणि मग काहीच नाही.

म्हणजे शांतता होती असं नाही. मागच्या गल्लीतल्या लूमचा खडखडाट होता. भाजीवाल्याची आरोळी होती. मधेच नाक ओढल्याचा आवाज, तो माझाच. पुन्हा खडखडाट. शेवटी खट्ट. शब्द एकही नाही.

मी हेड पुसलं. कॅसेट उलटून दुसरी बाजू लावली. मंजुबेनकडे पळत जाऊन त्यांच्या टेपवर लावली, आवाज पूर्ण वाढवून. तेच. आणि तिथे त्यांच्या दारात उभी असताना माझ्या ध्यानात आलं. मी बापूंना डोळ्यांसमोर आणलं होतं. बापूंशी बोलत होते. आणि बापूंशी मी जशी जन्मभर बोलत आले तशीच बोलले होते... नुसते ओठ हलवून. आवाज मी काढलाच नव्हता.

घरी आले, सांगितलं. सांगायला नको होतं. मायचं रडणं थांबलं आणि ती भिंतीला टेकून वॉकमनकडे बघायला लागली. “ते डबडं तापीमा टाकी ये. आत्तेच्या आत्ते!” मामा म्हणाला, त्याच्या ओळखीचा भगत आहे, संध्याकाळी आणतो, पोरीच्या अंगावरूनही उतरवून घेऊ. अंगावरून! मी पेचकस घेतला, वॉकमन खोलीच्या मधोमध ठेवला आणि उघडला. एकेक भाग काढून मामापुढे मांडला. ही मोटर, हा बेल्ट, हे हेड, ही चाकं. म्हटलं, मामा, यात कुठे बसलंय ते बोट ठेवून दाखवा, मग भगत आणा. मामाने बोट ठेवलं नाही. भगत आला नाही. वॉकमनही तापीत गेला नाही, मी मुलगी असून इतक्या मोठ्याने बोलले याचीच चर्चा पुढे जास्त दिवस चालली.

तुमच्या शंका मला माहीत आहेत. मी स्वतः त्या सगळ्या काढून बसले आहे. बापूंनी त्या मुलाचे ओठ वाचले असतील? त्याची पाठ होती, आणि बापू त्या वेळी त्याच्या वडिलांना पोचवायला गल्लीच्या तोंडापर्यंत गेले होते. मी रेकॉर्ड करताना कोणी माझे ओठ बघितले? दार बंद, तोंड भिंतीकडे. मायने सांगितलं असेल? मायला ते वाक्य माहीतच नव्हतं, आणि तिला तर हे लग्न हवं होतं. एका ओळखीच्या डॉक्टरांनी नंतर मला समजावलं की बहिऱ्या माणसांना कधीकधी आपल्या मनातलेच आवाज ऐकू येतात. मान्य. पण मग बापूंच्या मनात त्या मुलाचं हिंदी कोणी घातलं? 

पुढे मी पुन्हा पुन्हा करून बघितलं. आवाज काढून कॅसेट भरली, न काढता भरली, तोच वॉकमन, तोच बेल्ट. बापू हेडफोन लावून बसायचे आणि मान हलवायचे. “गुदगुल्या,” म्हणायचे. परत कधीही काही झालं नाही. मी दुरुस्तीचं शिकले. आज माझं स्वतःचं दुकान आहे आणि बोर्डावर माझं नाव आहे. बापू आता नाहीत.

त्या रविवारचं एकच सांगायचं राहिलं. मामा गेला, माय भांडी घासायला बसली, तेव्हा मी बापूंच्या समोर जाऊन बसले. ओठांनी विचारलं, बापू, खरं सांगा, तुम्ही काय ऐकलं?

“तू बोलनी, ते.”

मी विचारलं, पण कसं?

ते चक्क हळू बोलले. कान गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज खोलीच्या बाहेर गेला नसेल.

“तुना आवाज घोगरा शे, रंजी. माले वाटे, आजून बारीकच व्हई.”

बापूंचे कान गेले तेव्हा मी लहान होते. माझा आवाज तेव्हा बारीक होता, चिमणा म्हणतात तसा. पुढे दहावीच्या वर्षी मला घशाचं मोठं दुखणं झालं, महिनाभर बोलता येत नव्हतं, आणि बरी झाले तेव्हापासून माझा आवाज हा असा आहे. फोनवर लोक मला आजही ‘भाई’ म्हणतात. घरात यावर कोणी कधी बोललं नव्हतं. बापूंना सांगून काय करायचं, असं सगळ्यांनाच वाटत असणार.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा, मी वाचीन, आणि पटलं नाही तर भांडेन. भगताचं नाव मात्र काढू नका. माझा आवाज घोगरा आहे, आणि माझ्या बापाने तो ऐकला होता.